पूर्णविरामात दडलेली हूली : एका विनोदी मालिकेतील पात्रांमागचा इतिहास

१/ १० ऑगस्ट २०१५ रोजी गूगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांनी एक पत्र प्रसिद्ध केले. गूगलची फेररचना होऊन ‘अल्फाबेट’ ही नवी मूळ कंपनी स्थापन होत असल्याची ती घोषणा होती. पत्रातील मजकूर गंभीर आणि भाषा व्यावसायिक होती. मात्र ड्रोनने सामान पोहोचवण्याच्या प्रकल्पाचा जिथे उल्लेख होता, तिथल्या पूर्णविरामात एक दुवा दडवलेला होता. त्यावर क्लिक केले की ‘हूली’ नावाच्या कंपनीचे संकेतस्थळ उघडे. गंमत अशी की हूली ही कंपनी या पृथ्वीतलावर कुठेही अस्तित्वात नव्हती.

२/ हूली होती फक्त एका विनोदी मालिकेत. ‘सिलिकॉन व्हॅली’ ही एचबीओची मालिका ६ एप्रिल २०१४ रोजी सुरू झाली आणि ८ डिसेंबर २०१९ रोजी संपली. सहा पर्वे, ५३ भाग. माइक जज, जॉन आल्टश्युलर आणि डेव्ह क्रिन्स्की हे तिचे निर्माते. तिच्यातील हूली म्हणजे गूगलच, असा चाहत्यांचा पहिल्या दिवसापासून कयास होता. त्या पूर्णविरामातून खुद्द गूगलने डोळा मिचकावून त्या कयासाला जणू दुजोराच दिला.

३/ आजचा थ्रेड या कयासांविषयी आहे. एखाद्या कलाकृतीतील पात्रामागचा खरा माणूस कोण, हे शोधण्याचा खेळ जुना आणि मोहक आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो अवश्य खेळावा, कारण त्यात पुरावा तपासण्याची उत्तम तालीम होते. परंतु हा खेळ नेमका कुठे थांबवायचा आणि त्याच्या पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हेही कळायला हवे.

(मालिका पाहिली नसेल तर सावधान. पुढे कथानक उघड होते.)

४/ कथा थोडक्यात अशी. हूलीत काम करणारा रिचर्ड हेंड्रिक्स हा बुजरा प्रोग्रॅमर फाइली विलक्षण प्रमाणात लहान करणारा एक अल्गोरिदम शोधून काढतो. हूलीचा प्रमुख गॅव्हिन बेल्सन तो १ कोटी डॉलरला विकत घेऊ पाहतो. पीटर ग्रेगरी हा गुंतवणूकदार त्याऐवजी ५ टक्के मालकीच्या बदल्यात २ लाख डॉलर देऊ करतो. रिचर्ड दुसरा मार्ग निवडतो आणि ‘पाइड पायपर’ ही कंपनी काढतो. पुढची सहा पर्वे म्हणजे या एका निर्णयाची फळे आहेत.

५/ चाहत्यांची कोडी साधारण तीन प्रकारची होती.
पहिले : हे पात्र खऱ्या जगातील कोणावर बेतले आहे?
दुसरे : मध्येच नाहीसे झालेले पात्र गेले कुठे?
तिसरे फारच थोड्यांनी विचारले : जे पात्र मालिकेत जवळजवळ नाहीच, ते का नाही?
एकेक घेऊ.

६/ सर्वांत सोपे कोडे पीटर ग्रेगरीचे. तुटक बोलणारा, माणसांच्या नजरेला नजर न देणारा हा अब्जाधीश पहिल्याच भागात तरुणांना महाविद्यालय सोडण्याचा सल्ला देतो. पुढे एका भागात समुद्रातील त्याच्या खासगी कृत्रिम बेटाचा प्रसंग येतो. चाहत्यांनी तत्काळ नाव घेतले ते पेपाल या कंपनीचे सहसंस्थापक पीटर थील यांचे.

७/ पुरावा तपासू. थील यांनी २०१० मध्ये एक शिष्यवृत्ती जाहीर केली. वीस वर्षांखालील निवडक तरुणांनी शिक्षण सोडून स्वतःचे काम उभारावे आणि त्यासाठी १ लाख डॉलर घ्यावेत, अशी ती योजना. त्याआधी २००८ मध्ये, समुद्रावर स्वायत्त वसाहती उभारण्याचे स्वप्न पाहणाऱ्या ‘सीस्टेडिंग इन्स्टिट्यूट’ला त्यांनी ५ लाख डॉलर दिले होते. दोन्ही गोष्टी सार्वजनिक, दोन्ही मालिकेच्या आधीच्या, आणि दोन्हींचा संगम असलेला दुसरा माणूस त्या दरीत नाही. नावातील ‘पीटर’ आपण पुराव्यात धरला नाही तरी चालते. हा कयास भक्कम आहे.

८/ इथे एक कसोटी हाती येते. साम्य किती आहे, यापेक्षा ते किती दुर्मीळ आहे, हे महत्त्वाचे. ‘श्रीमंत आहे आणि विक्षिप्त आहे’ हे साम्य सिलिकॉन व्हॅलीत शेकडो जणांना लागू पडेल. समुद्रातील बेट आणि महाविद्यालय सोडण्याचे बक्षीस ही जोडी एकालाच लागू पडते. नाण्यावरचा झिजलेला छाप ओळखताना अभ्यासक याच कसोटीचा आधार घेतो.

९/ दुसऱ्या पर्वातील रस हॅनमन याच कसोटीला उतरतो. इंटरनेटवर रेडिओ आणला, या एकाच जुन्या पराक्रमावर तो अब्जाधीश झालेला आहे आणि तेच दर वाक्यागणिक ऐकवतो. १९९९ मध्ये मार्क क्यूबन आणि टॉड वॅग्नर यांची ‘ब्रॉडकास्ट डॉट कॉम’ ही कंपनी याहूने सुमारे ५.७ अब्ज डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात घेतली होती. इंटरनेटवरून रेडिओचे प्रक्षेपण हाच त्या कंपनीचा उगम होता. हॅनमनचा भडक स्वभाव लेखकांची भर असेल, पण त्याच्या संपत्तीचा उगम मात्र ओळखीचा आहे.

१०/ आता मुख्य कोडे : गॅव्हिन बेल्सन कोण? इथे चाहत्यांचे एकमत कधीच झाले नाही. हूलीचा रंगीबेरंगी परिसर पाहून काहींनी गूगलच्या संस्थापकांकडे बोट दाखवले. अहंकार पाहून काहींनी ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांचे नाव घेतले. अध्यात्माची ओढ पाहून काहींना सेल्सफोर्सचे मार्क बेनिऑफ आठवले. आणि स्टीव्ह जॉब्स यांचे नाव तर सर्वांच्याच ओठांवर होते.

११/ जॉब्स यांच्या बाजूचा पुरावा कमी नाही. बेल्सन आपल्या आध्यात्मिक गुरूला कार्यालयात बाळगतो. जॉब्स यांचे झेन गुरू कोबुन चिनो ओतोगावा हे जॉब्स यांच्या ‘नेक्स्ट’ या कंपनीचे आध्यात्मिक सल्लागार होते. चौथ्या पर्वात बेल्सनला त्याच्याच कंपनीतून काढले जाते आणि तो परत येतो. जॉब्स १९८५ मध्ये ॲपलमधून बाहेर पडले, १९९७ मध्ये परतले. एवढ्यावर खटला निकालात काढावा, असे वाटू शकते.

१२/ पण दुसऱ्या पर्वातील एक प्रसंग पाहा. बेल्सन जाहीर व्यासपीठावर अमेरिकेतील अब्जाधीशांच्या स्थितीची तुलना नाझी जर्मनीतील ज्यूंच्या स्थितीशी करतो. समोरचे श्रोते अवाक होतात. ही अतिशयोक्ती लेखकांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने एक वाचकपत्र छापले होते. अतिश्रीमंत एक टक्क्यावर होणाऱ्या टीकेची तुलना त्यात नाझींनी ज्यूंवर केलेल्या हल्ल्यांशी केलेली होती. पत्रलेखक होते टॉम पर्किन्स. त्यांनी पुढे त्यातील एका शब्दाबद्दल माफीही मागितली.

१३/ पर्किन्स हे जॉब्स नव्हेत, पेज नव्हेत, एलिसनही नव्हेत. ते एखाद्या महाकाय कंपनीचे प्रमुखही नव्हते. ते व्हेंचर कॅपिटलच्या, म्हणजे नवउद्योगांत भांडवल गुंतवण्याच्या व्यवसायातील बुजुर्ग होते. म्हणजे लेखकांनी गुरू एकाचा घेतला, इमारत दुसऱ्याची घेतली, आणि तोंडी उद्गार तिसऱ्याच व्यवसायातील माणसाचे घातले. तरीही बेल्सन कुठेही उसवलेला वाटत नाही. तो अखंड, एकजीव माणूस वाटतो. खरा प्रश्न इथे जन्म घेतो : इतक्या वेगवेगळ्या माणसांचे तुकडे एकमेकांना इतके बेमालूम कसे जुळतात?

१४/ उत्तरासाठी पर्किन्स यांचाच माग काढत मागे जाऊ. १९७२ मध्ये त्यांनी यूजीन क्लाइनर यांच्यासह ‘क्लाइनर पर्किन्स’ ही व्हेंचर कॅपिटल कंपनी स्थापन केली. आणि क्लाइनर कोण? सिलिकॉन व्हॅलीच्या आद्यकथेतील आठ पात्रांपैकी एक. त्या कथेचा पट थोडा उलगडू, कारण ‘पाइड पायपर’चे सगळे कथानक त्यात बीजरूपाने आहे.

१५/ १९५६ मध्ये विल्यम शॉकली यांना ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी बार्डीन व ब्रॅटन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांनी कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे अर्धवाहकांची प्रयोगशाळा उभारली आणि देशभरातून हुशार तरुण गोळा केले. शॉकली यांची बुद्धी असामान्य होती, पण माणसे सांभाळण्याची कला त्यांना अवगत नव्हती. संशय, हेटाळणी आणि सतत बदलणारे हुकूम यांना कंटाळून सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जण एकत्र बाहेर पडले. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर त्यांच्यातच होते.

१६/ बाहेर पडण्यापूर्वी क्लाइनर यांनी आपल्या वडिलांच्या ओळखीच्या न्यूयॉर्कमधील एका दलाली पेढीला पत्र लिहिले. आम्हा सर्वांना एकत्र नोकरी देईल अशी कंपनी शोधून द्या, एवढीच मूळ मागणी होती. पेढीतील आर्थर रॉक या तरुणाने त्यांना सुचवले की नोकरी कशाला मागता, स्वतःची कंपनी काढा. भांडवल दिले शर्मन फेअरचाइल्ड यांच्या कंपनीने, आणि ‘फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर’ जन्माला आली. मात्र भांडवल देताना पुढे सगळी कंपनी विकत घेण्याचा हक्क देणाऱ्याने राखून ठेवला होता. १९५९ मध्ये तो बजावला गेला. संस्थापक श्रीमंत झाले, पण मालक राहिले नाहीत.

१७/ आता मालिका आठवा. विक्षिप्त बॉस, त्याच्याकडून बाहेर पडणारा गुणी अभियंता, मदतीला येणारा भांडवलदार, आणि अखेरीस त्याच भांडवलाच्या जोरावर हातून निसटणारी कंपनी. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी राविगा ही गुंतवणूक कंपनी हॅनमनचा वाटा विकत घेते, संचालक मंडळात बहुमत मिळवते आणि रिचर्डला त्याच्याच कंपनीच्या प्रमुखपदावरून दूर करते. रिचर्ड कोणावर बेतला आहे, याचे उत्तर शोधत बसण्यात अर्थ नाही. तो १९५७ पासून चालत आलेल्या एका भूमिकेत उभा आहे.

१८/ साखळी पुढेही चालते. नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये फेअरचाइल्ड सोडून इंटेल काढली. क्लाइनर भांडवलदार झाले. त्यांच्या कंपनीने १९९९ मध्ये ज्या नवख्या उद्योगात पैसे गुंतवले, त्याचे नाव गूगल. म्हणजे ज्यांच्यावरून हूली सुचली ती कंपनी आणि ज्यांचे पत्र बेल्सनच्या तोंडी आले ते पर्किन्स, हे एकाच वंशवृक्षाच्या फांद्या आहेत. तुकडे बेमालूम जुळतात, कारण ते एकाच कापडाचे आहेत.

१९/ परंतु कापड विणणारा माग कोणता? पुन्हा दुसऱ्या पर्वाकडे जाऊ. हूली रिचर्डवर दावा लावते : त्याने अल्गोरिदमची चाचणी हूलीच्या संगणकावर घेतली होती, सबब तो हूलीच्या मालकीचा. ही गोष्ट खरी ठरते आणि रिचर्ड हरल्यात जमा होतो. तेवढ्यात लवाद सांगतो की हूलीच्या नोकरीच्या करारात ‘नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे काम करणार नाही’ या अर्थाचे कलम आहे, आणि कॅलिफोर्नियात असे कलम बेकायदा आहे. त्यामुळे सगळा करारच निकालात निघतो. पाइड पायपर वाचते.

२०/ अनेक प्रेक्षकांना ही लेखकांनी काढलेली सोयीची पळवाट वाटली. करारातील एका कलमामुळे सगळा करार रद्द होणे ही कथेची गरज असेल. पण तो कायदा मात्र अस्सल आहे आणि चांगला दीडशे वर्षांचा आहे. कॅलिफोर्नियाच्या १८७२ च्या दिवाणी संहितेत अशी बंधने निरर्थक ठरवणारी तरतूद होती. आज ती व्यवसाय संहितेच्या कलम १६६०० मध्ये आहे. १८७२ मध्ये त्या प्रदेशात खाणी होत्या, गहू होता, रेल्वे होती. संगणक कोणाच्या स्वप्नातही नव्हता. न्यूयॉर्कसाठी तयार झालेल्या एका संहितेच्या मसुद्यावरून हे कलम कॅलिफोर्नियात आले आणि तिथे रुजले.

२१/ १९९९ मध्ये कायद्याचे अभ्यासक रोनाल्ड गिल्सन यांनी या कलमाकडे लक्ष वेधले. त्याच्या पाच वर्षे आधी ॲनाली सॅक्सेनियन यांच्या ‘रीजनल ॲडव्हांटेज’ या ग्रंथाने एक प्रश्न मांडला होता : बोस्टनजवळचा मार्ग क्रमांक १२८ चा पट्टा तितकाच प्रगत असताना तो मागे का पडला आणि सिलिकॉन व्हॅली पुढे का गेली? सॅक्सेनियन यांनी कारण शोधले ते तिथल्या मोकळ्या, नोकऱ्या बदलत्या संस्कृतीत. गिल्सन यांनी विचारले की ही संस्कृती आली कुठून. मॅसॅच्युसेट्समध्ये कंपनी सोडणाऱ्याला करार दाखवून अडवता येत होते. कॅलिफोर्नियात येत नव्हते.

२२/ एवढ्या एका कलमाने सगळे घडले, असे म्हणणे धाडसाचे होईल. स्टॅनफर्ड विद्यापीठ होते, लष्करी कंत्राटे होती, भांडवल होते. तरीही शॉकली यांचे आठ जण त्याच भागात, त्याच व्यवसायात दुसऱ्या दिवशी उभे राहू शकले, यामागे या कायद्याचा भक्कम आधार होता. म्हणून रिचर्ड हेंड्रिक्सचा ‘खरा’ जन्मदाता शोधायचाच झाला, तर १८७२ च्या त्या कलमाचे नाव यादीत सर्वांत वर ठेवावे लागेल.

२३/ आणि बेल्सनचा? कायदा अडवू देत नाही म्हटल्यावर बलाढ्य कंपन्यांनी दुसरी वाट शोधली. एकमेकांची माणसे फोडायची नाहीत, असे गुप्त समझोते त्यांनी आपापसांत केले. २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी, इंट्यूट आणि पिक्सार यांच्याविरुद्ध कारवाई केली. पुढे सुमारे ६४,००० कर्मचाऱ्यांच्या वतीने चाललेल्या दाव्यात ॲपल, गूगल, इंटेल व अडोबी यांनी ४१.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. न्यायालयाने ती २०१५ मध्ये मान्य केली. नोकरांना मोकळीक देणाऱ्या भूमीत मालकांनी त्यांचे दोर एकमेकांच्या हाती दिले होते. बेल्सनचे वागणे एका माणसाचा दुर्गुण नाही, हे या एका प्रकरणावरून स्पष्ट होते.

२४/ आता दुसरे कोडे : नाहीशी झालेली पात्रे. पहिल्या पर्वाच्या मध्यावर पीटर ग्रेगरी दिसेनासा होतो. तो कुठे दडला आहे, कोणता डाव रचतो आहे, यावर पुष्कळ तर्क लढवले गेले. कारण मात्र कथेबाहेरचे आणि दुःखद होते. ती भूमिका करणारे ख्रिस्तोफर इव्हान वेल्च यांचे डिसेंबर २०१३ मध्ये, म्हणजे मालिका सुरू होण्यापूर्वीच, कर्करोगाने निधन झाले होते. त्यांचे काम पाच भागांपुरतेच पूर्ण झाले होते. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात ग्रेगरीची शोकसभा होते.

२५/ एर्लिक बाकमनचे तसेच. चौथ्या पर्वाच्या अखेरीस बेल्सन त्याला तिबेटमधील अफूच्या अड्ड्यावर पाच वर्षांचे पैसे भरून सोडून देतो. तो परत येणार का, यावर चाहते पुढची दोन पर्वे वाट पाहत राहिले. पण ती भूमिका करणारे टी. जे. मिलर मालिका सोडत असल्याचे २०१७ मध्येच जाहीर झाले होते. बखर वाचताना एखादा सरदार अचानक पानांतून नाहीसा झाला तर त्याचा हेतू शोधण्याआधी, ती पाने गहाळ तर झाली नाहीत ना, हे पाहायचे असते. इथेही तोच न्याय.

२६/ तरीही कथा अशी पोकळी मोकळी ठेवत नाही. एर्लिक मेल्याचे भासवून जिआन यांग त्याची मालमत्ता गिळू पाहतो. अखेरच्या भागात तर तो स्वतःच एर्लिकचे नाव धारण करून राहताना आढळतो. पानिपत माहीत असलेल्या वाचकाला इथे हसू येईल. १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण ते जिवंत असल्याची आशा मावळली नाही. त्या आशेवर भाऊंचा तोतया उभा राहिला. त्याला देहदंड झाला तो १७७६ मध्ये. शेवट डोळ्यांनी पाहिलेला नसला की लोक तो मनात लिहीत राहतात.

२७/ तिसरे कोडे सर्वांत गंभीर. राविगातील मोनिका हॉल कोणावर बेतली आहे, यावर फारसे तर्क झालेच नाहीत. एक तर मालिकेत स्त्रिया मोजक्या. पहिल्या पर्वातील तंत्रज्ञान परिषदेच्या गर्दीत बाया का दिसत नाहीत, अशी टीका झाली. गर्दीची ती दृश्ये खऱ्या परिषदेत टिपलेली आहेत, असे निर्मात्यांच्या बाजूने सांगण्यात आले. म्हणजे टीकेचा बाण मालिकेला लागून पुढे जगाला लागला.

२८/ मोनिकाच्या व्यवसायात त्याच काळात काय घडत होते? एलेन पाओ यांनी २०१२ मध्ये लिंगभेदाच्या तक्रारीवरून आपल्या व्हेंचर कॅपिटल कंपनीवर दावा दाखल केला. २७ मार्च २०१५ रोजी ज्यूरीने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मालिकेचे दुसरे पर्व त्यानंतर सोळा दिवसांनी सुरू झाले. ती कंपनी कोणती? क्लाइनर पर्किन्स. १९५७ च्या आठांपैकी एकाची. जिथे कोडे सुटावे असे चाहत्यांना वाटलेच नाही, तिथेही तोच वंशवृक्ष उभा होता. दप्तरातील मौन हाही पुरावा असतो, तो असा.

२९/ मग या मालिकेला साधन म्हणून किती किंमत द्यायची? बरीच. माइक जज भौतिकशास्त्राचे पदवीधर. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सँटा क्लारा येथील पॅरॅलॅक्स ग्राफिक्स या कंपनीत त्यांनी अभियंता म्हणून काम केले आणि काही महिन्यांतच ते सोडले. ट्विटरचे माजी प्रमुख डिक कोस्टोलो पुढे मालिकेचे सल्लागार झाले. अल्गोरिदमचा कस दाखवण्यासाठी स्टॅनफर्डचे प्राध्यापक त्साखी वाइसमन आणि त्यांचा विद्यार्थी विनीत मिश्र यांनी खास एक मापच तयार करून दिले. किती आकुंचन आणि किती वेळात, या दोन्हींचा मेळ घालणारा हा ‘वाइसमन स्कोअर’ मालिकेसाठी जन्मला आणि नंतर खऱ्या वर्गातही पोहोचला.

३०/ अर्थात साधन म्हटले की मर्यादा आलीच. बखरकार आपल्या काळाची समजूत लिहितो. घटनेची तारीख त्याच्याकडून घेताना जपावे लागते. ही मालिकाही तशीच वाचावी. तिच्यातून थील किंवा क्यूबन यांचे चरित्र लिहू नये. २०१४ ते २०१९ या काळात त्या दरीला स्वतःबद्दल काय वाटत होते आणि तिच्याकडे पाहणाऱ्यांना काय खटकत होते, हे मात्र तिच्यातून घ्यावे. ‘जग अधिक चांगले करणे’ हे घोषवाक्य प्रत्येक उद्योजकाच्या तोंडी विनोद म्हणून येते, यातच एका दशकाची साक्ष आहे.

३१/ आता पुन्हा त्या पूर्णविरामाकडे. गूगलने हूलीचा दुवा दडवला तेव्हा चाहते खूश झाले. आपला तर्क बरोबर ठरला, कंपनीही खिलाडू निघाली. पण त्या हसण्यात एक सोय होती. ‘हूली म्हणजे आम्ही’ हे मान्य करायला काहीच खर्च येत नाही. करारातील कलमे, गुप्त समझोते, संचालक मंडळातील बहुमत, ज्यूरीसमोर गेलेल्या तक्रारी, यांतले काहीच त्या दुव्यावर उघडत नव्हते. नाव ओळखू आले की सगळे समजले, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात एक माणूस सापडला की अख्खी व्यवस्था सुटून जाते.

३२/ म्हणून पुढच्या वेळी एखादे पात्र पाहून ‘हा तर अमुकच!’ असे मनात आले, तर आणखी तीन प्रश्न विचारा. साम्य दुर्मीळ आहे की सर्वांना लागू पडणारे? पात्राचे वागणे कथेतून येते की कथेबाहेरच्या कारणातून? आणि हा माणूस उद्या बदलला, तरी त्या खुर्चीत बसणारा दुसरा कोणी तसाच वागेल का?

३३/ तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तर समजावे की चरित्र संपून इतिहास सुरू झाला आहे. गॅव्हिन बेल्सन कोण, याचे माझ्यापुरते उत्तर ती खुर्ची. तुम्हाला कोणत्या पात्रामागे अशी खुर्ची दिसली, ते उत्तरांत लिहा. नाव नको, कारण सांगा.

(थ्रेड समाप्त.)